पुस्तकातून ताईची : पानावर काय मावते आणि काय नाही

चिनी युद्धकलांची जुनी पुस्तके नवशिक्यांसाठी लिहिलेली नव्हती. वस्तादाच्या हाताखाली तयार झालेल्या शिष्याला क्रम विसरायला होऊ नये, यासाठी केलेली ती टिपणे होती : स्थितीचे नाव, पाठ करायला सोपे असे छोटे पद्य आणि फार तर एखादे रेखाचित्र. मिंग राजवटीतील सेनापती चि जिग्वांग याच्या ‘जिश्याओ शिनशू’ या सोळाव्या शतकातल्या लष्करी ग्रंथात निःशस्त्र लढतीच्या ३२ स्थिती याच धाटणीने दिल्या आहेत. मोठ्या लढाईत या विद्येचा फारसा उपयोग नाही, पण हातपाय मोकळे करून नवख्या शिपायाला तयार करायला ती चांगली, असे त्याचे स्पष्ट मत होते. ‘एकेरी चाबूक’, ‘एका पायावरचा सोनेरी कोंबडा’ ही त्या ३२ मधली नावे आजच्या ताईचीतही भेटतात.

घरी बसून शिकता येईल असे पुस्तक विसाव्या शतकात आले. चीनमधली राजेशाही संपली, देशाची दुर्बलता घालवायची तर आधी शरीरे घडवली पाहिजेत हा विचार शहरांत पसरला आणि घराण्यांत किंवा गावांत राखलेली विद्या छापखान्यात पोहोचली. शांघायमध्ये १९१० साली सुरू झालेल्या जिंगवू संस्थेने सर्वांसाठी खुले वर्ग घेतले. सुन लुतांग यांचे शिंगयी या कलेवरचे पुस्तक १९१५ मध्ये निघाले, ताईचीवरचे १९२१ मध्ये. चन वेइमिंग यांनी १९२५ साली आपले गुरू यांग चंगफू यांची छायाचित्रे घालून पुस्तक छापले. वस्तादाचा पवित्रा त्याला कधीही न भेटलेल्या माणसाला दिसू लागला, ही या कलेच्या इतिहासातली फार मोठी घटना आहे.

मराठीतही तोच काळ व्यायामग्रंथांचा होता. बडोद्याहून द. चिं. मुजुमदार यांच्या संपादनाखाली निघालेल्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड १९३६ ते १९४९ या काळात पूर्ण झाले. तालमीत तोंडी चालणारी विद्या त्यांनी चित्रांसह कागदावर आणली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार पुस्तकांतूनही केला आणि १९३८ मध्ये त्यांची पद्धत लंडनहून इंग्रजीतही प्रसिद्ध झाली. सूर्यनमस्कार पुस्तकावरून बऱ्यापैकी शिकता येतात, आणि त्यामागे ठोस कारण आहे. जागा बदलत नाही, तळवे आणि पावले बराच वेळ जमिनीवर टेकलेली असतात, डावे-उजवे बहुतांशी सारखे असते आणि प्रत्येक स्थितीत क्षणभर थांबता येते. ताईचीत यातले जवळपास काहीच नाही. भार सतत एका पायावरून दुसऱ्यावर सरकतो, कंबर वळते, दोन्ही हात वेगवेगळी कामे करतात आणि दोन छायाचित्रांच्या मधली हालचाल हाच खरा पाठ असतो.

म्हणून पुस्तकाची निवड महत्त्वाची. चीनच्या राज्य क्रीडा आयोगाने १९५६ मध्ये यांग घराण्याच्या लांब क्रमातून २४ स्थितींचा छोटा क्रम बांधला. पुनरावृत्ती काढून टाकली आणि सोप्याकडून अवघडाकडे जाणारी रचना ठेवली. पूर्ण क्रमाला पाच-सहा मिनिटे लागतात. एकट्याने शिकणाऱ्यासाठी या क्रमाच्या पुस्तकाहून योग्य सुरुवात नाही. शाओलिनच्या उड्या किंवा शस्त्रांचे क्रम पुस्तकावरून उचलू पाहणे हा मात्र गुडघे आणि घोटे धोक्यात घालण्याचाच प्रकार.

या पुस्तकांचे काही संकेत आधी समजून घ्यावे लागतात. सलग रेषेचा बाण बहुधा उजव्या हातापायाचा, तुटक रेषेचा डाव्याचा. बाण पुढच्या चित्राकडे जाणारी वाट दाखवतो, म्हणजे चित्रातली स्थिती घेऊन झाल्यावर काय करायचे ते सांगतो. सुरुवात दक्षिणेकडे तोंड करून, असे गृहीत धरलेले असते. रत्नागिरीत हे सोपे आहे : भाट्याच्या किंवा मांडवीच्या किनाऱ्यावर समुद्र उजव्या हाताला ठेवला की तोंड दक्षिणेला. मग ‘रानघोड्याची आयाळ विभागणे’ ही हालचाल डावीकडे, समुद्रापासून दूर नेते आणि ‘माकडाला मागे हटवणे’ म्हणताना पाठमोऱ्या पावलांनी पुन्हा समुद्राकडे येणे होते. ‘पूर्वेकडे वळा’ हे वाक्य पानावर कोरडे वाटते, किनाऱ्यावर ते लगेच अंगात उतरते.

जागेचा विचार इथल्या ऋतूंप्रमाणे करावा लागतो. ओहोटीच्या वेळी पाण्यालगतची घट्ट वाळू चालते. वरच्या भुसभुशीत वाळूत टाच रुतते आणि पाऊल वळवताना सगळा पीळ गुडघ्यावर येतो. पावसाळ्यात जांभ्याच्या अंगणावर शेवाळ धरते, तिथे एका पायावर तोल सांभाळण्याच्या स्थिती करूच नयेत. हा क्रम मुख्यतः एकाच रेषेवर पुढे-मागे चालतो, त्यामुळे जुन्या घराची लांबट, कोरडी पडवी त्याला पुरते.

पुस्तकावरून शिकताना होणारी सर्वांत नेहमीची चूक छायाचित्रामुळेच होते. पुढचा गुडघा वाकलेला आणि मागचा पाय जवळजवळ सरळ, अशा पवित्र्याचे चित्र सहसा बाजूने घेतलेले असते. त्यात दोन्ही पावले एकाच ओळीत असल्यासारखी दिसतात. प्रत्यक्षात दोन्ही टाचांत आडवे अंतर हवे. चिनी पाठ्यपुस्तके स्थितीनुसार साधारण १० ते ३० सेंटिमीटर सांगतात. हे अंतर सुटले की माणूस दोरीवर उभा राहिल्यासारखा डुगडुगतो आणि दोष आपल्या तोलाला देतो. दुसरी चूक गुडघा आत पडण्याची. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेनेच वाकला पाहिजे, बोटांच्या पुढे जाऊ नये, आणि पाऊल फिरवण्याआधी त्याच्यावरचा भार कमी केलेला असावा. गुडघ्यात दुखू लागले तर ‘सरावाने जाईल’ म्हणून रेटू नये. पवित्रा उंच घ्यावा, पाऊल आखूड टाकावे.

अभ्यासाची रीत संथच हवी. पावलांची वाट आधी, हात कंबरेवर ठेवून. ती पक्की झाल्यावर हात. श्वासाचे गणित सर्वांत शेवटी, तोवर श्वास सहज चालू द्यावा. एका वेळी दोन-तीन स्थिती पुरेत. पुस्तक हातात धरून हालचाल होत नाही, म्हणून परिच्छेद वाचून, पुस्तक मिटून करून पाहणे आणि मग पुन्हा वाचणे हाच क्रम. मोबाइलवर समोरून आणि बाजूने स्वतःचे चित्रीकरण केले तर चित्राशी ताडून पाहता येते, आणि आडव्या अंतराची चूक समोरून घेतलेल्या चित्रीकरणात तत्काळ उघडी पडते.

एवढे करूनही विद्येचा एक भाग पुस्तकाबाहेरच राहतो. ताईचीत ‘तुईशौ’ नावाचा जोडीचा सराव असतो. दोघे समोरासमोर उभे राहून मनगटे-कोपरे एकमेकांना टेकवतात आणि समोरच्याचा जोर कुठून येतो हे स्पर्शाने ओळखून तो वळवतात. खांदे सैल आहेत की नाहीत, टाचेतून येणारा जोर कंबरेत अडकतो की हातापर्यंत पोहोचतो, याचा निवाडा तिथे होतो. कुस्तीत पकड लागल्याशिवाय डाव कळत नाही, हे कोकणातल्या आणि घाटावरच्या आखाड्यांना सांगावे लागत नाही. जाणत्या शिक्षकाकडे अधूनमधून काही दिवस जाऊन आले तरी मोठा फरक पडतो : तो खांद्यावर हात ठेवतो, कंबर दोन बोटे वळवतो, आणि अनेकदा वाचलेले वाक्य पहिल्यांदा समजते. ज्याने पुस्तकावरून क्रम आधीच बसवला आहे, त्याला अशा थोड्या सहवासातूनही पुष्कळ मिळते, कारण शिक्षकाचा वेळ पावले मोजण्यात जात नाही.