आधी मुलाचं घर कुठे?

समजा, शिरवण्यात राहणाऱ्या चौदा वर्षांच्या एका मुलीचे आईवडील वेगळे झाले. वडील नाशिकला, आई इथेच. मुलीच्या ताब्याचा अर्ज कुठे करायचा? १८९०चा पालक आणि पाल्य कायदा म्हणतो, अज्ञान मूल एरवी जिथे राहतं तिथल्या कोर्टात. म्हणजे ठाणे जिल्ह्यातच. भांडण मोठ्यांचं, पण कोर्ट ठरतं मुलीच्या घरावरून. हे वाचलं तेव्हा मी थबकलेच.

त्याच कायद्याच्या कलम १७मध्ये याहून मोठं नवल आहे. आपली पसंती समजून-उमजून सांगता येण्याइतकं मूल मोठं असेल, तर कोर्ट ती विचारात घेऊ शकतं. वयाचा आकडाच नाही! बारा नाही, चौदा नाही. बघायची ती समज.

आता काळ पाहा. त्याआधी तीनच वर्षं, मार्च १८८७मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने रखमाबाईंना बजावलं होतं: नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्यांचं लग्न अकराव्या वर्षी लावलेलं. आणि १८९०च्या कायद्यातही लग्न झालेल्या अज्ञान मुलीचा नवरा अपात्र ठरत नसेल, तर कोर्टाला तिच्यासाठी दुसरा पालक नेमता येत नव्हता. लेकीला विचारायची सोय झाली, पण लहानग्या सुनेला नाही. हे मला अजून सलतं.

पुढे १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने, कलम २६मध्ये, ताबा, पोटगी आणि शिक्षण या तिन्हींबाबतचे आदेश शक्य तिथे मुलांच्या इच्छेला धरून असावेत असं लिहून ठेवलं. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार यायला अजून ३४ वर्षं होती.

आपल्याकडे हळदीच्या मांडवातही कुणीतरी पोराला हटकून विचारतं, "आई आवडते का बाबा?" जाणते न्यायाधीश असं विचारत नाहीत. आईवडिलांना बाहेर ठेवून ते आपल्या दालनात मुलाशी बोलतात: शाळा, मैत्रिणी, सकाळी कोण उठवतं, आजारी पडलीस की जवळ कोण बसतं. उत्तर मुलाचं स्वतःचं आहे की पढवलेलं, हे त्यातूनच चाचपायचं. पसंती म्हणजे निकाल नव्हे. शेवटचं माप मुलाच्या हिताचंच. तरी २००८मध्ये कोलकात्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुलाला स्वतः विचारलं. वडिलांकडे जायचं नाही, असं तो म्हणाला. खालच्या न्यायालयांनी मुलाचा ताबा वडिलांना दिला होता. तो निर्णय रद्द झाला.

आणि पैशांचं काय? मुलीने आईला निवडलं म्हणून बापाची जबाबदारी सुटत नाही. पोटगी हा पसंतीचा मोबदला नाही, मुलीचा हक्क आहे. हिंदू कायद्यात तर अविवाहित मुलीला स्वतःचा खर्च पेलत नसेल, तर अठरानंतरही तो मागता येतो. २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं.

ताब्याचा आदेश दगडावरची रेघ नसतो. नवव्या वर्षी आईकडे राहते म्हणालेल्या मुलीला चौदाव्या वर्षी बाबांकडे राहावंसं वाटलं, तर नवा अर्ज होतो, आणि ते दालनाचं दार तिच्यासाठी पुन्हा उघडतं.