दोन नावांचा एकच प्राणी

‘पोकेमॉन’चे पहिले खेळ 1996 साली जपानमध्ये गेम बॉयवर आले. प्राण्याची जात तिथे एका बाइटमध्ये, म्हणजे 0 ते 255 यांपैकी एका क्रमांकाने नोंदलेली असे. खरे प्राणी 151 असल्याने उरलेल्या क्रमांकांना धड मालकच नव्हता. त्यांतलाच प्रसिद्ध ‘मिसिंगनो’. खेळातल्या विरिडियन सिटीतला म्हातारा जंगली प्राणी कसा पकडायचा याचे प्रात्यक्षिक दाखवतो, तेव्हा खेळाडूचे नाव तात्पुरते जंगली प्राण्यांच्या माहितीच्या जागी ठेवले जाते. तिथून थेट सिनाबार बेटावर उडत जाऊन पूर्व किनाऱ्यालगत पोहले, की खेळ त्या नावाची अक्षरे प्राण्यांचे क्रमांक म्हणून वाचतो. समोर येतो तो बहुधा विस्कटलेल्या ठिपक्यांचा गठ्ठा. काही क्रमांकांवर मात्र चक्क जीवाश्माचा सांगाडा दिसतो. वर पिशवीतली सहावी वस्तू एकदम 128ने वाढते, त्यामुळे मुलांनी या बिघाडाला डोक्यावर घेतले यात नवल नाही.

खरी सरमिसळ मात्र वेगळ्याच ठिकाणी होते. खेळाडूजवळच्या प्रत्येक प्राण्याची जात स्मृतीत दोनदा लिहिलेली असते: एकदा संघाच्या छोट्या यादीत, एकदा त्याच्या 44 बाइटच्या तपशिलात. बिघाडामुळे या नोंदी जुळेनाशा झाल्या, तरी खेळ तक्रार करत नाही. प्रोग्रामचा एक भाग यादीला विचारतो, दुसरा तपशिलाला. मग रूप एकाचे आणि गुण दुसऱ्याचे, असा प्राणी तयार होतो. जाणकार त्याला ‘अस्थिर संकर’ म्हणतात.