पिंजऱ्यातला जिताडा

नॉर्वेच्या खाड्यांत तरंगणारे गोल पिंजरे आणि त्यांत घोळक्याने फेऱ्या मारणारे सॅल्मन मासे अनेकांनी चित्रफितींत पाहिलेले असतात. चेन्नईसमोरच्या समुद्रात तोच उद्योग का होत नाही, याचं पहिलं उत्तर तापमानात आहे. सॅल्मनला 8 ते 14 अंशांचं पाणी मानवतं. बंगालच्या उपसागराचा वरचा थर वर्षातला बराच काळ 28 अंशांच्या आगेमागे असतो. शिवाय कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. समुद्राच्या पाण्यात 10 अंशांना तो लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम मावतो, तर 30 अंशांना सहाच्या जरा वर. आणि नेमकी कोमट पाण्यातच माशाची भूक वाढते, श्वासही वाढतो. उष्ण प्रदेशातला पिंजरा बांधणाऱ्याला हा तोटा कायम भरून काढावा लागतो.

म्हणून इथे मासाच वेगळा निवडला गेला. रायगडात त्याला जिताडा म्हणतात, गोव्यात चोणक, तामिळनाडूत कोडुवा. पेण-अलिबागच्या खारजमिनींतल्या तळ्यांत खाडीतून आलेली पिल्लं वाढवायची जुनी रीत आहे, त्यामुळे आपल्याकडे त्याची चव सांगावी लागत नाही. स्वभावाने तो सॅल्मनच्या उलट. सॅल्मन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत परततो. जिताडा नदीत, खाडीत वाढतो आणि विणीसाठी खाऱ्या पाण्याकडे, नदीच्या मुखाशी जातो. गोड्या पाण्याच्या तळ्यात तो उत्तम पोसतो, पण तिथे विणत नाही.

दुसरी गोष्ट याहून अवघड. जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी, चांगला वजनदार झाल्यावर, मादी होतो. मत्स्यशेती करणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठीच पंचाईत. माद्या हव्या असतील तर मासे वर्षानुवर्षं जपायचे, खाऊ घालायचे आणि त्यांचं लिंग बदलण्याची वाट पाहायची. केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यपालन संस्था, म्हणजे ‘सीबा’, 1987 साली चेन्नईत सुरू झाली. शहराच्या दक्षिणेला, पूर्व किनारा मार्गावरच्या मुट्टुकाडूला तिचं प्रयोग केंद्र आहे. तिथे 1997 साली भारतात पहिल्यांदा जिताड्याचं बंदिस्त प्रजनन साधलं. त्याआधी सगळी भिस्त खाडीत जाळ्याला लागणाऱ्या पिल्लांवर होती. एखाद्या वर्षी ती भरपूर, एखाद्या वर्षी नावालाही नाहीत. अशा पुरवठ्यावर घरचं तळं चालतं, उद्योग चालत नाही.

हॅचरीत काम चालतं ते असं. मादीच्या पोटातून बारीक नळीने थोडी अंडी काढून सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. ती अर्ध्या मिलिमीटरच्या जवळपास असली तर मादी तयार समजायची. मग संप्रेरकाचं इंजेक्शन देतात आणि नरांबरोबर टाकीत सोडतात. साधारण 30 ते 36 तासांनी ती अंडी सोडते. फळलेली अंडी वर तरंगतात, वांझ अंडी तळाशी बसतात. निवडीचं निम्मं काम पाणीच करून टाकतं. सतरा-अठरा तासांत दीड मिलिमीटर लांबीची पिल्लं बाहेर येतात. तिसऱ्या दिवशी तोंड उघडतं आणि तिथून खरी कसोटी सुरू होते, कारण एवढ्याशा तोंडात मावेल असं जिवंत अन्न हवं. आधी रोटिफर, नंतर आर्टेमिया, दोन्ही पाण्यातले बारीक जीव. म्हणजे जिताड्याआधी रोटिफरची शेती करायची, आणि रोटिफरसाठी शेवाळाची. हॅचरीतल्या कितीतरी टाक्यांत मासा नसतोच, त्याचा स्वयंपाक असतो.

पुढचं संकट भावंडांचं. जिताडा स्वतःच्या निम्म्याहून लांब असलेलं पिल्लूही गिळू पाहतो. त्यामुळे दर काही दिवसांनी पिल्लं आकारानुसार वेगळी करावी लागतात, नाहीतर महिन्याभरात टाकीत मोजकेच धष्टपुष्ट मासे उरतात.

आता पिंजरा. हे काम चेन्नईतल्याच दुसऱ्या संस्थेचं. पळ्ळीकरणैची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था 1993 पासूनची. देशातला खुल्या समुद्रातला पहिला पिंजरा मात्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने 2007 साली विशाखापट्टणमला उतरवला. पळ्ळीकरणैच्या अभियंत्यांनी 9 मीटर व्यासाचे पिंजरे रामेश्वरमजवळ ओलैकुडा, आंध्रात कोत्तसत्रम आणि अंदमानात नॉर्थ बे इथे उतरवून पाहिले.

जाड प्लास्टिकच्या पोकळ नळ्यांची दोन वर्तुळं तरंगतात, त्यांना जाळं लोंबतं. आतल्या जाळ्यात मासे. बाहेरचं जाळं भक्षकांसाठी. वर पक्ष्यांसाठी तिसरं. तळाशी वजनदार कडं, नाहीतर प्रवाहात जाळं पिशवीसारखं गोळा होऊन माशांची जागाच आकसते. पाच मीटर खोल जाळं धरलं तर 9 मीटर व्यासात सुमारे 318 घनमीटर पाणी मावतं. एवढ्या पाण्यातला प्राणवायू दाटीने असलेले मासे बघता बघता संपवतील. म्हणून प्रवाह हवाच. पण प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की जाळ्यावरचा जोर चौपट होतो. प्राणवायू आणणारं पाणीच पिंजरा तोडू शकतं. जागा निवडायची ती या दोहोंच्या मध्ये.

नांगराची मांडणीही त्याच हिशेबाने. पिंजरा थेट नांगराला बांधत नाहीत. पाण्याखाली दोरांची चौकट ताणतात, तिच्या कोपऱ्यांवर बोये असतात आणि तिथून चारी दिशांना दोर, साखळ्या, नांगर. लाट आली की वरचा झटका बोया झेलतो, साखळीचं वजन तो मुरवतं आणि नांगरापर्यंत आडवी ओढ तेवढी पोचते. नांगर आडवी ओढ सोसतो. सरळ वर ओढला तर उपटून येतो.

या सगळ्याचे खरे शत्रू म्हणजे शेवाळ आणि शिंपले. कोमट समुद्रात काही आठवड्यांत जाळ्याची आस, म्हणजे त्याची भोकं, बुजते. आत पाणी येईना, आणि तेच जाळं प्रवाहाला भिंतीसारखं आडवं. मग पाणबुड्यांनी घासायचं किंवा जाळंच बदलायचं. मासे वाढतील तशी मोठ्या आसेची जाळी लागतातच, तेव्हा बरेचदा दोन्ही कामं एकदम उरकतात. आता खाद्य. नॉर्वेत कॅमेऱ्यावर डोळा ठेवून नळीतून खाद्य सोडतात. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी होडीतून हातानेच खाद्य पडतं, आणि मला त्यात काही उणं वाटत नाही. मासे झेपावायचे थांबले की हातही थांबतो. मासळीचं ओलं खाद्य मात्र परवडत नाही: किलोभर जिताड्यासाठी ते पाच किलोंच्या वर लागतं, गोळी खाद्य दोन किलोंच्या आत भागतं.

उरलं हवामान. चेन्नईच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस आणि वादळं; डिसेंबर 2016 मध्ये ‘वरदा’ तर शहराजवळच किनाऱ्याला धडकलं. कोकणात जून ते सप्टेंबर खुला समुद्र कुणाचाच नसतो, म्हणून आपल्याकडे सिंधुदुर्गात जिताड्याचे पिंजरे खाडीच्या आडोशाला आहेत. बाहेर समुद्रात हातात आठ-नऊ महिने, आणि किलोभर वजनाला लागतं जवळजवळ वर्ष. ही तूट भरून निघते ती किनाऱ्यावर. बोटुकली तळ्यात, बारीक जाळीच्या हापांत पोसून तळहाताएवढी झाली की मगच समुद्रात सोडतात. म्हणजे पूर्व किनाऱ्याला ती जानेवारीत तयार हवी, कोकणात ऑक्टोबरात. मासा निसर्गात विणतो तो पावसाच्या वेळापत्रकाने. त्यामुळे हॅचरीला निसर्गाचा हंगाम सोडून, पिंजऱ्याच्या हंगामाने अंडी मिळवावी लागतात, आणि मुट्टुकाडूच्या टाक्यांतले ते जुने, वजनदार मासे बारा महिने सांभाळावे लागतात ते त्यासाठीच.