जुन्या यंत्राची नाडीपरीक्षा

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे राजमार्ग जेथे परस्परांना छेदतात, त्या धुळ्यापासून रावेर-यावलच्या केळीपट्ट्यापर्यंत खोदकामावर रुजू असलेला एखादा जुना बुलडोझर चढावर दमू लागला, म्हणजे दोष इंधनाचा की गिअरबॉक्सचा, हे प्रथम मुकर्रर करावे लागते. इंजिनाचेच फेरे मंदावत असतील तर संशय बहुधा इंधनावर जातो. फेरे कायम राहूनही यंत्र पुढे सरकत नसेल, तर क्लच अथवा गिअरबॉक्सवर.

डिझेल दाबाने फारसे आकुंचन पावत नाही, हवा मात्र सहज पावते; त्यामुळे नळीत शिरलेला बुडबुडा पंपाचा सारा जोर गिळून टाकतो. म्हणून जाणता मिस्त्री आधी टाकीच्या तळचे पाणी व गाळ काढतो, फिल्टर पाहतो, आणि मग एअर-स्क्रू सैल करून, फेस जाऊन अखंड धार लागेपर्यंत हातपंप मारीत राहतो.

गिअरबॉक्सची साक्ष तेल देते: काळवंडून जळका वास आला तर प्लेटा घसरत आहेत, दुधाळ झाले तर पाणी शिरले आहे, आणि त्यात धातूचा चुरा चकाकला तर दात किंवा बेअरिंग झिजत आहे. ही बिनखर्ची तपासणी पुरी झाल्याखेरीज महागडा इंजेक्शन पंप उघडण्याचा हुकूम मालकाने देऊ नये.