खात्यात चार लाख, नॉमिनी कोणीच नाही

वडील गेले, मृत्युपत्र नाही, नॉमिनीही नाही. तरी लगेच वकील गाठू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०२५च्या निर्देशांनुसार व्यापारी बँकेतला १५ लाखांपर्यंतचा आणि सहकारी बँकेतला ५ लाखांपर्यंतचा दावा, वारसांत वाद नसेल तर, कोर्टाच्या वारसा प्रमाणपत्राशिवाय निकाली निघतो. अर्ज, मृत्यूचा दाखला, ओळखपत्र, हमीपत्र आणि पैसे न घेणाऱ्या वारसांचं ना-हरकत पत्र लागतं. घोडं बहुधा इथंच अडतं. सासरी गेलेल्या बहिणीला कुणी विचारलेलंच नसतं. हिंदू कायद्यानं तीही भावाच्या बरोबरीची वारस! कागद पुरे झाले की बँकेनं १५ दिवसांत दावा निकाली काढायचा असतो. नॉमिनी असला तरी तो केवळ विश्वस्त, पैसा वारसांचाच. सातबाऱ्यासाठी मात्र तलाठ्याकडे वेगळी वारसनोंद करावी लागते.