आजोबांचा देश, नातवाचे मैदान

युरोपातील अव्वल क्लबकडून खेळण्याचे स्वप्न पाहणाऱ्या अमेरिकी मुलांची संख्या गेल्या दोन दशकांत झपाट्याने वाढली आहे. मात्र यातील कोण लवकर पोहोचणार आणि कोणाला ताटकळावे लागणार, हे केवळ पायातील कसबावर ठरत नाही. अनेकदा ते आजी-आजोबांच्या जन्मगावावर ठरते. ख्रिस्तियन पुलिसिच आणि वेस्टन मॅकेनी या दोन फुटबॉलपटूंची वाटचाल शेजारी शेजारी ठेवली, की हे सहज लक्षात येते.

दोघांचाही जन्म १९९८ सालचा. मॅकेनी २८ ऑगस्टचा, तर पुलिसिच १८ सप्टेंबरचा. म्हणजे अंतर अवघ्या तीन आठवड्यांचे. पुलिसिच पेनसिल्व्हेनियातील हर्शी या गावचा. त्याचे आई-वडील दोघेही महाविद्यालयीन फुटबॉल खेळलेले. मॅकेनीचे वडील अमेरिकी हवाई दलात होते. त्यांच्या नेमणुकीमुळे त्याच्या बालपणाची काही वर्षे जर्मनीत गेली आणि फुटबॉलचे पहिले धडे त्याने तेथेच गिरवले. पुढे कुटुंब मायदेशी परतल्यावर तो एफसी डॅलसच्या अकादमीत घडला.

जर्मनीशी जवळीक होती ती मॅकेनीची. पण जर्मनीत आधी पोहोचला तो पुलिसिच. २०१५ च्या सुरुवातीला, वयाच्या १६व्या वर्षी, तो वडिलांसह डॉर्टमुंडला गेला. ३० जानेवारी २०१६ रोजी त्याने बोरुसिया डॉर्टमुंडकडून बुंडेस्लिगात पदार्पण केले. १७ एप्रिलला हॅम्बुर्गविरुद्ध गोल करून तो त्या स्पर्धेतील तोवरचा सर्वांत तरुण परदेशी गोलकर्ता ठरला. त्या दिवशी मॅकेनी अजून डॅलसच्या अकादमीतच होता. वयाची १८ वर्षे पूर्ण झाली त्याच महिन्यात, ऑगस्ट २०१६ मध्ये, तो शाल्केकडे गेला आणि बुंडेस्लिगातील त्याचा पहिला सामना मे २०१७ मध्ये झाला.

या फरकाचे मूळ ‘फिफा’च्या नियमावलीतील १९व्या कलमात आहे. १८ वर्षांखालील खेळाडूला परदेशी क्लबकडे नोंदवण्यास हे कलम मनाई करते. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतील कोवळ्या मुलांना दलालांनी युरोपात आणायचे आणि चाचणीत अपयश आले की वाऱ्यावर सोडायचे, अशा प्रकारांना आळा घालणे हा त्यामागचा हेतू. नियम कागदावरच राहिलेला नाही. तो मोडल्याबद्दल २०१४ मध्ये ‘फिफा’ने बार्सिलोनासारख्या बलाढ्य क्लबवर खेळाडू घेण्यास वर्षभराची बंदी घातली.

नियमाला अपवाद आहेत. आई-वडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणासाठी स्थलांतरित झाले असतील, तर मुलगा तेथील क्लबकडून खेळू शकतो. सीमेलगत राहणाऱ्या मुलांनाही सवलत आहे. तिसरा अपवाद युरोपीय संघाच्या अंतर्गत व्यवहाराचा. शिक्षणाची व निवासाची नीट सोय होत असेल, तर १६ ते १८ वयाचा खेळाडू संघातील एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ शकतो. युरोपीय देशाचा पासपोर्ट असलेल्या अमेरिकी मुलालाही या अपवादाचा लाभ मिळतो.

पुलिसिचचे आजोबा क्रोएशियातील ओलिब या छोट्याशा बेटावरचे. त्या नात्याने त्याला क्रोएशियाचे नागरिकत्व मिळाले आणि क्रोएशिया १ जुलै २०१३ रोजी युरोपीय संघात दाखल झालेला होता. ओलिबची ही पुण्याई नसती, तर त्यालाही १८ वर्षांचा होईपर्यंत थांबावे लागले असते. जिओव्हानी रेयना हा आणखी एक अमेरिकी खेळाडू २०१९ मध्ये १६ वर्षांचा असतानाच डॉर्टमुंडला गेला, तो पोर्तुगीज नागरिकत्वाच्या जोरावर.

दोन वर्षे ही वरकरणी क्षुल्लक बाब. फुटबॉलपटूच्या जडणघडणीत मात्र १६ ते १८ हा काळ मोलाचा. याच वयात मुलगा मोठ्यांच्या वेगाशी आणि धसमुसळेपणाशी जुळवून घेतो. अमेरिकेत शाळा, महाविद्यालय आणि मग व्यावसायिक संघ हा रुळलेला मार्ग. त्या वाटेने विशी उलटल्यावरच पहिला करार हाती पडतो. युरोपात त्या वयाच्या खेळाडूच्या गाठीशी मोठ्या सामन्यांचा भरपूर अनुभव असतो.

अर्थात पासपोर्ट दार उघडतो, यश देत नाही. १४व्या वर्षी अमेरिकेत व्यावसायिक करार मिळवून गाजलेला फ्रेडी अडू २००७ मध्ये बेन्फिकाकडे गेला; पण एका क्लबकडून दुसऱ्याकडे उसना दिला जात २०११ मध्ये मायदेशी परतला. उलट उशिरा पोहोचलेला मॅकेनी पुढे युव्हेंटसपर्यंत गेला. पुलिसिचसाठी चेल्सीने २०१९ मध्ये ६ कोटी ४० लाख युरो मोजले. २०२१ मध्ये तो चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात खेळणारा पहिला अमेरिकी पुरुष खेळाडू ठरला, तर २०२३ मध्ये एसी मिलानमध्ये दाखल झाला.

या कथेचा एक धागा गोव्याशीही जुळतो. १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचे नागरिकत्व मिळवता येते आणि फुटबॉल तर गोव्याच्या रक्तातच आहे. म्हणजे रेयनासाठी जे दार उघडले, ते एखाद्या गुणी गोमंतकीय मुलासाठीही उघडू शकते. फरक आहे तो घरच्या कायद्यात. अमेरिकेला दुहेरी नागरिकत्व चालते. त्यामुळे क्रोएशियाचा पासपोर्ट खिशात ठेवूनही पुलिसिच अमेरिकेकडून खेळला आणि २०२२ च्या विश्वचषकात इराणविरुद्धचा निर्णायक गोल त्यानेच केला. भारतात मात्र परदेशी नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपते आणि राष्ट्रीय संघात केवळ भारतीय पासपोर्टधारकालाच स्थान मिळते. आजोबांच्या जन्मगावाने अमेरिकी नातवाला युरोपचे मैदान दिले आणि देशाची जर्सीही राखली. गोमंतकीय नातवाला या दोहोंपैकी एकाचीच निवड करावी लागते.