माळरान म्हणजे मोडलेलं जंगल नव्हे

ज्यांना एपिसोड ऐकायला जमलं नाही, किंवा ज्यांना बसमध्ये हेडफोन न लावता वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी आजच्या गप्पा नेहमीप्रमाणे लिहून देतेय.

आजचा विषय माळ. पुण्याहून सोलापूरकडे जाताना खिडकीतून जो दिसतो ना, तोच. उन्हाळ्यात पिवळा पडलेला, मध्येच एखादी बाभूळ, एखादं बोराचं झुडूप, लांबवर मेंढरांचा कळप. गाडीत कुणीतरी हमखास म्हणतं, "काय उजाड आहे इथे! झाडं लावायला पाहिजेत राव." वाक्य अगदी चांगल्या मनाने म्हटलेलं असतं. पण मी गेली काही वर्षं पावसाळ्यात या पट्ट्यातल्या माळांवर वनस्पतींच्या नोंदी करायला जाते, आणि आज मला नेमकं याच वाक्याबद्दल बोलायचंय. कारण माळावर झाडं लावणं म्हणजे बऱ्याचदा चांगलाचुंगला माळ मारणं असतं.

माळ इथे का आहे?

आधी साधा भूगोल. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. ढग तिथेच रिकामे होतात. घाट उतरून पूर्वेला आलात की आपण पर्जन्यछायेत शिरतो. बारामती, इंदापूर, सोलापूर या पट्ट्यात पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा. वर माती वीतभर, खाली काळा कातळ. आता सांगा, अशा जागी घनदाट जंगल उभं राहील का?

उभं राहतं ते गवत. कुसळी, पवन्या, मारवेल, डोंगरी अशी कितीतरी गवतं. गवताची एक गंमत आहे. त्याचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो. त्यामुळे वरचं पातं मेंढीने खाल्लं किंवा वणव्यात जळलं, तरी गवत मरत नाही. पहिला पाऊस पडला की परत फुटतं. अतिचराई झाली तर मात्र तेही थकतं, हे लक्षात ठेवा. आणि त्याला मारायचा हमखास उपाय एकच, सावली. या गवतांना ऊन लागतं. वर दाट झाडं आली की खालचं गवत संपलंच.

मधूनमधून दिसणारी हिवर, बाभूळ, खैर ही झाडंही उन्हाचीच. विरळ, काटेरी, एकमेकांपासून अंतर ठेवून वाढणारी. गवत आणि अशी विरळ झाडं मिळून जी परिसंस्था होते, तिला शास्त्रज्ञ सॅव्हाना म्हणतात. हो, आफ्रिकेतल्या सिंहांच्या डॉक्युमेंटरीत बघता तेच. आपल्याकडेही ते आहे, फक्त आपण त्याला "पडीक" म्हणतो.

मोजल्याशिवाय कळत नाही

फील्डवर आम्ही काय करतो, ते सांगते. प्लास्टिकच्या पाइपची एक मीटर बाय एक मीटरची चौकट असते. ठरलेल्या रेषेवर, ठरलेल्या अंतरावर ती जमिनीवर टाकायची आणि आतली प्रत्येक वनस्पती ओळखून लिहायची. बस, एवढंच. पण गुडघ्यावर बसलात की माळ वेगळा दिसायला लागतो. लांबून एकच हिरवं दिसणारं गवत पाच-सहा प्रकारचं निघतं. त्यात रानकांदा, मुसळी, आणि नशीब चांगलं असेल तर कंदिलपुष्प. यांतले बरेचजण वर्षातले आठ-नऊ महिने जमिनीखाली कंदाच्या रूपात झोपलेले असतात. मे महिन्यात तिथे उभं राहून "इथे काहीच नाही" म्हणणं म्हणजे रात्री दोन वाजता शाळेत जाऊन "इथे मुलंच नाहीत" म्हणण्यासारखं आहे.

आणि हे एकदा गेलं की सहज परत येत नाही. आशीष नेर्लेकर आणि जोसेफ वेल्डमन या संशोधकांनी २०२० साली जगभरातल्या गवताळ प्रदेशांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. नांगरलेल्या, उकरलेल्या, झाडं लावून मोडलेल्या जागी पुन्हा आलेलं गवत आणि जुनं, न मोडलेलं गवताळ रान यांची त्यांनी तुलना केली. जुन्या रानापेक्षा पुन्हा आलेल्या गवतात वनस्पतींच्या जाती ३७ टक्क्यांनी कमी होत्या. मोडलेल्या रानाला आधीची विविधता परत मिळवायला निदान शंभर वर्षं, आणि सरासरी अंदाजाने १,४०० वर्षं लागतील, असं त्यांचं गणित निघालं. चौदाशे वर्षं! वरून हिरवं दिसणं दोन पावसाळ्यांत जमतं, पण खालचा कंदांचा संसार पुन्हा बसायला पिढ्यान्‌पिढ्या जातात.

पण आधी इथे जंगल होतं ना?

हा प्रश्न मला प्रत्येक वेळी येतो. लोकांची समजूत अशी असते की पूर्वी सगळीकडे घनदाट अरण्य होतं, माणसाने ते तोडलं आणि मग हा माळ उरला. काही ठिकाणी तसं झालंही असेल. पण सगळा माळ तसा नाही, याचे पुरावे आहेत.

पहिला पुरावा जमिनीतला. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे गाव आहे. तिथल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचं सापडली, त्यांतल्या एकावर तर कोरलेली नक्षी आहे. वय साधारण पंचवीस हजार वर्षं. शहामृग हा मोकळ्या मैदानात पळणारा पक्षी. दाट जंगलात तो काय करणार? म्हणजे शेतीचा पत्ता नव्हता, कुऱ्हाडीने जंगल साफ करणारं कुणी नव्हतं, तेव्हाही आपल्याकडे मोकळं रान होतं.

दुसरा पुरावा माझ्या सगळ्यात आवडीचा आहे, कारण तो आपल्या भाषेतला आहे. याच आशीष नेर्लेकर यांनी दिग्विजय पाटील यांच्याबरोबर २०२५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी तेराव्या शतकापासूनचं जुनं मराठी साहित्य, आख्यायिका, ओव्या चाळल्या आणि त्यात पश्चिम महाराष्ट्रातल्या जागांचं वर्णन कसं आहे, कोणत्या रानटी वनस्पतींची नावं येतात, ते मोजलं. एकूण ४४ वनस्पती सापडल्या. त्यांतल्या २७, म्हणजे जवळजवळ दोनतृतीयांश, सॅव्हानातल्या निघाल्या. उन्हाच्या, काट्यांच्या, मोकळ्या रानातल्या.

एक उदाहरण तर तुमच्या आजीलाही माहीत असेल. संत कान्होपात्रा. मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेने पंढरपूरला विठ्ठलाच्या देवळात देह ठेवला आणि तिथे तरटीचं झाड उगवलं, अशी आख्यायिका आहे. वारीला गेलात तर देवळात तरटीचं झाड दाखवतात. आता तरटी म्हणजे काय? आषाढी द्वादशीला आपण वाघाटीची भाजी खातो ना, तिच्याच कुळातलं हे काटेरी झाड. घनदाट अरण्यातलं नव्हे, कोरड्या, उघड्या माळावरचं. पंधराव्या शतकातल्या संत स्त्रीच्या कथेत लोकांनी वड-पिंपळ न आणता तरटी आणली, कारण आजूबाजूला तीच होती. भक्तीची गोष्ट सांगता सांगता लोकांनी आपल्या रानाची नोंद करून ठेवली, असं मला वाटतं.

"पडीक" कुणाच्या हिशेबात?

मग हा माळ पडीक कसा झाला? कागदावर झाला. इंग्रजांच्या महसुली हिशेबात ज्या जमिनीतून सारा मिळत नाही आणि लाकूडही मिळत नाही, ती बिनकामाची. तो शिक्का अजून पुसला नाही. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशांत झुडपी-गवताळ जमिनी आजही त्याच गटात मोडतात. आणि एकदा पडीक म्हटलं की तिथे काहीही करायला मोकळीक. प्लॉटिंग, सोलर पॅनल, नाहीतर वृक्षारोपण.

वृक्षारोपणाची ताकद आपल्याकडे केवढी आहे बघा. २०१९ साली राज्यात ३३ कोटी झाडं लावायचं लक्ष्य होतं. एवढी झाडं लावायला जागा लागते, आणि मोकळी जागा म्हटली की डोळ्यांसमोर माळच येतो. तिथे लवकर वाढणारी ग्लिरिसिडियासारखी परदेशी झाडं लावली जातात. फोटो छान येतो. गवत जातं. गवताबरोबर माळटिटवी, चंडोल, धाविक, खोकड, चिंकारा सगळ्यांचं घर जातं.

माळढोकाचं उदाहरण तर आपल्या डोळ्यांदेखतचं. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूर-नगर पट्ट्यात अभयारण्य जाहीर झालं. आज देशभरात मिळून हा पक्षी दीडशेच्या आसपास उरलाय, बहुतेक राजस्थानात. नान्नजला तो दिसला तर बातमी होते. आणि लांडगा? २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशात सुमारे ३,१७० लांडगे असल्याचा अंदाज आहे. त्याच वर्षीच्या व्याघ्रगणनेत वाघांचा आकडा ३,६८२ आला. म्हणजे लांडगे वाघांपेक्षाही कमी! पण लांडग्यासाठी सफारीचं तिकीट कुणी काढत नाही.

एका माळावर चौकट टाकून बसले होते तेव्हा मेंढरं घेऊन आलेले एक धनगर मामा बराच वेळ बघत उभे राहिले. शेजारच्या उतारावर नवीन खड्डे खणलेले होते. मी विचारलं, "मामा, इथे झाडं लावणार वाटतं?" ते म्हणाले, "लावत्याल की. मंग तारंचं कुंपान घालत्याल. मेंढरं कुठं न्यायची, ते मातूर कोन सांगत न्हाई. आन लांडगा बी मेंढरांमागंच असतोय पोरी, त्यो बी जाईल." माळाची परिसंस्था मला पुस्तकातून जेवढी कळली नव्हती, तेवढी त्यांनी तीन-चार वाक्यांत सांगितली.

मग झाडं लावायचीच नाहीत का?

लावा की! शहरातल्या रस्त्याकडेला लावा, शेताच्या बांधावर लावा, नदीकाठी लावा, सह्याद्रीत जिथे खरोखर जंगल तुटलंय तिथे तिथलीच झाडं लावा. फक्त माळावर खड्डा खणण्याआधी तीन गोष्टी करा.

एक, ती जागा जुलै ते सप्टेंबरमध्ये एकदा तरी बघा. वेगवेगळी गवतं आणि कंदवाली फुलं दिसली, तर तो जुना माळ असण्याची शक्यता खूप. दोन, तिथे जनावरं चारणाऱ्यांना विचारा. आणि तीन, जे दिसेल त्याचा फोटो काढून आयनॅचरलिस्टवर टाका. माळांच्या नोंदी जंगलांच्या मानाने फार कमी आहेत. तुमच्या मोबाइलमधला एक फोटो उद्या "इथे काहीच नव्हतं" म्हणणाऱ्याला उत्तर ठरू शकतो.

तुमच्या गावाजवळ असा माळ असेल, तर त्याला गावात काय नाव आहे आणि तिथे कोणती गवतं येतात, ते व्हॉइस नोटने पाठवा. घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून पाठवलंत तर फारच छान, कारण गवतांची नावं त्यांनाच येतात. निवडक नोट्स पुढच्या भागात ऐकवेन. तोवर ऐकत राहा, वाचत राहा. भेटूच!